अर्ध्या भाड्याच्या खोल्या

पवनीत तांदळाच्या धंद्यात उमर घालवलेल्या कुंताबाईंना भंडाऱ्यातली एक चाळ विकत घेण्यासाठी पाहताना एकच गोष्ट खटकत होती. आजूबाजूला खोलीचं भाडं चार हजार, इथे मात्र दोन. मालक गोपीचंद म्हणत होता, "भाडेकरू जुने, मी वाढवलंच नाही. तुम्ही घ्या अन् वाढवा." कुंताबाईंचा मुलगा प्रितम तर मनातल्या मनात भाडं वाढवूनही मोकळा झाला होता. कुंताबाईंच्या पिशवीत इसाराचे दोन लाख होते, दिघोरीचं शेत विकून आलेले. ते बुडाले, तर म्हातारपणी लेकासुनेपुढे हात पसरायची पाळी होती.

"आई, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येऊन राहिलं. आता आणखी काय पाहतेस?"

"पोतं वरून चांगलंच दिसते, बाबू. हात खालपर्यंत घालू दे मले."

कुंताबाई नदीकडच्या शेवटच्या खोलीत शिरल्या. भिंतींचा रंग ताजा होता. पण विजेची बटणं डोक्याच्याही वर, तांदळाची कोठी माळ्यावर, टीव्ही कपाटाच्या टपावर. भाडेकरीण जनाबाई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"खोली खाली कराले सांगाले आल्या का?"

"नाही वं बाई. बटणं इतकी वर काहून?"

जनाबाईनं दाराकडे पाहिलं. गोपीचंद तिथे येऊन उभा राहिला होता. ती मान खाली घालून, पण स्पष्ट बोलली, "वैनगंगा घरात येते. गाळ आमीच काढतो. गिलावा, रंगही आमच्याच पैशानं. म्हणून भाडं अर्धं. वाढवा तुमी, मग गाळही तुमीच काढा."

"दरसाल थोडीच येते पाणी!" गोपीचंद घाईनं म्हणाला.

"मागच्या साली तर भाऊ, तुमी डोंग्यात बसून भाडं मागाले आलते!" जनाबाईनं सुनावलं.

शेजारच्या खोलीतून हसू फुटलं. गोपीचंदचा चेहरा उतरला. "बाई, पन्नास हजार कमी करतो. पण इसार आत्ताच."

प्रितमनं आईचा दंड दाबला. कुंताबाई क्षणभर डगमगल्या. मग म्हणाल्या, "भाव भादव्यात ठरवू. पाणी डोळ्यानं पाहून."

"तोवर चाळ विकली जाईन."

"विका." कुंताबाईंनी पैशांची पिशवी काखेत घट्ट दाबली.

प्रितम चिडून रस्त्याला लागला. कुंताबाईंनी उंबऱ्यातूनच जनाबाईला विचारलं, "मागच्या साली पाणी कुठवर आलतं?"

जनाबाई उठून उभी राहिली. तिनं हात कमरेला लावला, थोडं थांबली, आणि हात हळूहळू खांद्यापर्यंत नेला.