भिंतीकडे तोंड करून

बाबांचा मस्कतहून फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसला निघाले होते. "आई झोपेतच गेली गं," एवढंच ते म्हणाले. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल, तर, "रात्री जेवली होती ना?"  बाबा म्हणाले, "जेवले, असं म्हणाली..."

आईला मधुमेह होता. ती रोज सकाळी स्वतःच इंजेक्शन घ्यायची आणि घराबाहेर ते कुणालाच माहीत नव्हतं. "लोकांना एकदा कळलं, की आपण पेशंट होऊन बसतो," ती म्हणायची, "मग साधं बोलायलाही कुणी येत नाही, सल्ले द्यायला येतात." इंजेक्शननंतर वेळेवर खाल्लं नाही तर साखर उतरून काय होतं, हे मी लहानपणीच पाहिलं होतं. त्यामुळे आईच्या वरच्या ओठावर घाम दिसतोय का, हे बघायची सवय मला फार लवकर लागली.

मी आठवीत असताना मस्कतच्या मराठी मंडळाने डोंगरातल्या गावांची एका दिवसाची बस सहल काढली. डिसेंबरातला गुरुवार होता, तेव्हा तिथे सुट्टीचा वार. पहाटे आईने इंजेक्शन घेतलं आणि पोह्यांचा डबा पिशवीत टाकला, कारण नाश्ता उशिरा, वाटेत होता. बसमध्ये चढल्यावर कळलं, रात्री उशिरा चंद्र दिसल्याचं जाहीर झालंय. रमजान सुरू, म्हणजे दिवसा चारचौघांत खायचं नाही. वाटेतला नाश्ता रद्द झाला. जोशीकाका ओरडले, "चला, यंदा एकादशी सर्वांनी मिळून!" सगळे हसले. पडदे ओढून मुलांना खाऊ दिला गेला, पण ड्रायव्हर आणि गाइड सालिम दोघेही उपाशी बसले होते. आईने डबा उघडला नाही. "आई, प्लीज," मी कुजबुजले. "त्यांच्या नाकासमोर फोडणीचा वास? शोभतं का? गप्प बस." बाबा माझ्या धाकट्या भावाला घेऊन पुढच्या सीटवर होते.

हमरा गाव मागे पडलं आणि बस वळणं घेत वरच्या मिस्फा गावाला चढली. डोंगराला चिकटलेली मातीची घरं, गल्लीतून खळखळणारा पाण्याचा पाट, खाली खजुरांची बाग. सालिम हिंदीत माहिती सांगत पुढे चालला होता, सगळे त्याच्यामागे. मी मात्र फक्त आईकडे बघत होते. ती पायऱ्यांवर मागे राहू लागली. ओढणीचं टोक दुमडायची, सोडायची, पुन्हा दुमडायची. मी हात धरला तर तो गार, ओला होता. "बाबांना बोलावू?" "कुणाला सांगितलंस तर बघ," ती म्हणाली. पण शब्द जड येत होते आणि ती माझ्याकडे न बघता माझ्या मागे कुठेतरी बघत होती.

मी वर्गातही हात वर न करणारी मुलगी. त्या गल्लीत मी ओरडले, इंग्रजीत, कारण घाबरल्यावर मला तेवढंच येत होतं. सगळे वळले. बाबा धावत आले. सालिमने जवळचं दार ठोठावलं. एक म्हातारी बाई आली, आईचा चेहरा बघितला आणि आत बसवून तिच्यापुढे खजूर ठेवले. "कुली, कुली," अरबीत खा म्हणाली. सालिम दारातून म्हणाला, "बीमार पे तो हमारा भी रोज़ा नहीं, मॅडम. आपने किससे पूछ के रखा?" आईने खजूर हातात घेतला आणि तेवढ्या अवस्थेतही भिंतीकडे तोंड फिरवून खाल्ला. म्हातारी स्वतः उपाशी होती ना...

परतीच्या बसमध्ये तिला कारल्याच्या रसापासून मेथीदाण्यांपर्यंत सगळं ऐकावं लागलं. ती माझ्याशी बोलली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "एवढा आवाज कुठे ठेवला होतास गं?"

त्यानंतर दर रमजानात आई दुपारी, स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा, फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खायची. पण खायची. मी हॉलमधून विचारायचे, "खाल्लंस का?" आणि "हो" ऐकू येईपर्यंत पुस्तकाचं पान उलटायचे नाही. पुण्याहूनही फोनवर पहिला प्रश्न तोच असे. फक्त तिथून कोपरा दिसत नव्हता.

सध्या मी मस्कतला, माबेला भागातल्या आमच्या घरी आहे. फ्रिजवरचा आईचा खजुरांचा डबा अर्धा भरलेला आहे, बाबांनी तो हलवलेला नाही. काल दुपारी मी त्यातला एक तोंडात टाकला आणि नकळत भिंतीकडे वळले. हॉलमधून बाबांनी विचारलं, "खाल्लंस का गं?" तोंड भरलेलं होतं, उत्तर देता येईना. त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुन्हा विचारलं, या वेळी जरा घाबरून. मी घाईघाईने घास गिळला आणि मोठ्याने "हो" म्हटलं.