पुढची दोन चाकं

जगात रस्ते बांधायलाच नको होते, असं मनापासून वाटणारा एकच गृहस्थ मी पाहिला. तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे काका. अंबरनाथ पूर्वेला बिऱ्हाड, कारखान्यात अधिकारी, घरात माणसं दोन आणि दारात लष्कराच्या लिलावातली, मधल्या एका मालकाकडून घेतलेली हिरवी जीप. कोपऱ्यावरची कोथिंबीरसुद्धा काका जीपमधून आणत. गाडीला चारही चाकांची ताकद आहे, हे नव्या पाहुण्याला पाणी विचारण्याआधी सांगत. ती ताकद जोडणारा वेगळा दांडा मात्र कुणाला हात लावू देत नसत आणि स्वतःही वापरत नसत. "झिजतो," म्हणत. वांगणीला लग्नाला निघाले की चांगला रस्ता सोडून जीप शेताडीतून घालत. आत्या गजरा सावरत म्हणायची, "अहो, रस्ता शेजारीच दिसतोय." त्यावर काका म्हणत, "रस्त्यावरून काय, कुणीही जातं."

आत्याचा त्या जीपवर मनस्वी राग. चढायला तिला स्वयंपाकघरातला पाट लागे. तो पाट जीपबरोबर गावभर हिंडे आणि घरी पंगत बसली की एकाला भुईवर बसावं लागे. शेजारीही तिच्याच बाजूचे. "दोन माणसांना एवढा हत्ती कशाला?" हा तर जिन्यातला रोजचा वाद. शेवटी आत्याने बजावलं, "दिवाळीपर्यंत एकदा तरी चार चाकांची गरज दाखवा, नाहीतर विकून टाका." काकांचं अन्नावरचं लक्षच उडालं. पावसाळा संपत आलेला. दर रविवारी ते मला घेऊन शिरगावच्या नव्या प्लॉटांकडे चिखल शोधायला जात. पेरू दाबून पाहावा तसा पायाने चिखल दाबत आणि "यात दम नाही," म्हणून हताश होऊन परत फिरत.

त्याच दिवसांत ब्रेकच्या कामासाठी मी जीप उल्हासनगरला नेली. सिंधी मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "साईं, इसको फोर-व्हील कायकू बोलते? आगे का शाफ्टच नहीं है. पुराने मालिक ने पेट्रोल बचाने के लिए निकाला होगा." म्हणजे इंजिनाची ताकद पुढे पोचतच नव्हती; काकांनी दांडा ओढला काय आणि घंटा वाजवली काय, पुढची चाकं नुसती सोबतीला. मी धावतच आत्याकडे गेलो. वाटलं, ही आता पेढे वाटणार. ती गहू निवडत होती. बराच वेळ खडे बाजूला करत राहिली, मग म्हणाली, "त्यांना बोललास?" मी नाही म्हटलं. "मग नको बोलूस."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी वांगणीजवळ ओढ्याकाठी जीप खरोखरच रुतली. काकांचा चेहरा मुंज लागल्यासारखा उजळला. त्यांनी दांड्याला नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी ओढला. जीप जागची हलेना. आत्याने मागे वळून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मुकाट्याने मागून उतरलो. शेतातले दोघं "काय झालं रं?" करत आले. मी तोंडावर बोट ठेवलं आणि तिघांनी मिळून लोटली. काका समोरच बघत होते. गाडी बाहेर निघाली, मी गळ्यापर्यंत माखलो. "जाणवलं?" काकांनी बायकोला विचारलं. "हो," आत्या म्हणाली, "पुढनं ओढली हो."

जीप विकायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. पुढे जीप आपल्या मरणाने भंगारात गेली. काकाही आता थकलेत, जिना उतरत नाहीत. पण आल्यागेल्याला तो रविवार ऐकवतात आणि साक्षीला आत्याकडे बघतात. ती मान डोलावते. परवा मी तिला हळूच विचारलं, "अजून सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?" ती म्हणाली. "तू मागे होतास. मी पुढे बसले होते, मला जाणवली."