कांडपाची पिकअप

फुलंब्रीत विशाखा खरात कुठं राहते असं विचारलं, तर माणूस जरा विचारात पडेल. कांडपवाली विशाखा म्हटलं की कुणीही घरापर्यंत नेऊन सोडेल.

उन्हाळा लागला की तिची जुनी पिकअप आसपासच्या गावांतून फिरते. मागच्या हौद्यात लोखंडी उखळ, त्यात वर-खाली आदळणारी मुसळं आणि शेजारी जनरेटर. बाया घरून वाळलेली मिरची, भाजलेले धने, खोबरं, दगडफूल घेऊन येतात आणि वर्षाचा काळा मसाला कांडून नेतात. आता हे सगळ्यांच्या सवयीचं झालंय. पण एका उन्हाळ्यात ही गाडी भंगारात जायची वेळ आली होती.

विशाखा आधी शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. ठेकेदार बदलला आणि जुन्या बायांना गेटवरच सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. नवरा राजेंद्र तिकडंच दुसऱ्या कंपनीत वॉचमन होता, त्याची नोकरी टिकली. विशाखा घरी बसली, पण बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिची मावससासू गोजरबाई हिचं फुलंब्रीत रस्त्याकडेला कांडप होतं. रस्ता रुंद झाला, शेड पाडावं लागलं, आणि त्याच सुमारास गोजरबाईच्या गुडघ्यांनीही दगा दिला. यंत्र घराच्या मागं ताडपत्रीखाली पडून होतं. एक दिवस विशाखा तिच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, बाया मिरचीच्या गोण्या घेऊन यष्टीनं फुलंब्रीला येतात. येताना शिंकतात, जाताना शिंकतात, कंडक्टरच्या शिव्या खातात. आपणच कांडप त्यांच्या दारी नेलं तर?"

"कशावर नेशील? डोक्यावर?"

"गाडीवर."

"अन् चालवणार कोण?"

"मी. शिकते."

गोजरबाईनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "शीक मग," म्हणाली.

विशाखा शिकली. भाजीपाला वाहून थकलेली एक पिकअप तिनं घेतली, कागदपत्रं करून घेतली. गोजरबाईची दोन्ही उखळं हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला बसवली, कारण फळका पाडला की बायांना खालूनच मिरची ओतता यायची. जनरेटरही तिथंच, हाताशी. सोय बघितली, वजन कुणी बघितलं नाही.

पहिला हंगाम चांगला गेला. सगळीकडं नाही. एका गावात पहिल्याच दिवशी एका म्हातारीनं आडनाव विचारलं. विशाखानं सांगितलं. म्हातारीनं मिरचीची पाटी उचलली आणि घरी गेली; तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. गोजरबाई म्हणाली, "चल, दुसऱ्या गावाला जाऊ."

"नाय मावशी. भोंग्यावर सांगितलंय, संध्याकाळपर्यंत थांबणार म्हणून. थांबायचं."

दिवसभरात मोजक्या घरांची मिरची आली. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच लिंबाखाली गाडी पुन्हा उभी राहिली. ती म्हातारी अजूनही आलेली नाही. विशाखानंही तो वार कधी चुकवलेला नाही.

दुसऱ्या हंगामात गाडी मागून बसायला लागली. मागच्या एक्सलवर लोखंडी पाट्यांची एकावर एक रचलेली कमान असते, सगळं ओझं तिच्यावर येतं. ती कमान सपाट झाली होती. गाडीचं नाक वर आणि बूड खाली. खड्ड्यात गेली की चाक हौद्याच्या तळाला घासायचं. जवळच्या गॅरेजवाल्यानं ट्रकचे दोन जाड पाटे कमानीत घालून दिले. "आता हत्ती बसव," म्हणाला.

गाडी उंच झाली खरी, पण तिचा सगळा मऊपणा गेला. रिकामी असली की मागून उड्या मारायची. दगडावर चाक गेलं की दणका थेट विशाखाच्या कमरेत. यंत्राचे नटबोल्ट दर आठवड्याला ढिले व्हायचे. ती ते आवळायची आणि पुढं निघायची.

मार्चमध्ये एका सकाळी सावंगीहून परत येताना चौक्याच्या घाटात, एका वळणावर, मागून फाडकन आवाज झाला. गाडी एका अंगाला कलली आणि मागचं चाक घासत आपल्या मनानं ओढ घ्यायला लागलं. विशाखानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि कडेच्या मुरमात रुतवून थांबवली. शेजारी बसलेल्या गोजरबाईच्या मांडीवर पानाचा डबा उलटा झाला होता.

"मावशी, लागलं का?"

"नाय. तू आधी बाहेर बघ."

कमानीचा मुख्य पाटा, जो गाडीला जोडलेला असतो, तोच टोकाशी तुटला होता. एक्सल मागं सरकला होता. खाली दरी दिसत होती. विशाखानं एकदा तिकडं बघितलं, मग पुन्हा बघितलं नाही. हौद्यात चौक्यातल्या बायांनी आधी कांडायला दिलेल्या मसाल्याचे डबे होते, ते पोचवायचे होते. तिनं एक छोटा टेम्पो थांबवला, डबे त्यात चढवले, गोजरबाईला पुढं बसवलं आणि सगळे डबे ज्याच्या त्याच्या घरी दिले. त्यानंतर गाडी ओढून न्यायला माणूस बोलावला.

संध्याकाळी राजेंद्र ड्यूटीवरून आला. त्याला फोनवर सगळं कळलंच होतं. तो म्हणाला, "विकून टाकू. भंगारवाला उद्या बघून जाईल."

"काय विकायचं?"

"सगळंच. तू अन् मावशी दरीत गेला असता म्हणजे?"

"गेलो नाय ना."

"विशाखा, मी चेष्टा करत नाय."

"मी पण नाय," ती म्हणाली. "गाडी का मोडली ते मला आधी कळू दे. ओझं जास्त झालं, का पाटे चुकीचे घातले, का आणखी काय. कारण कळल्यावर तू म्हणशील तर विकू. कारण न कळता नाय विकायची."

राजेंद्रनं कंपनीतल्या एका ड्रायव्हरला विचारलं आणि नाव मिळालं : गयास मिस्त्री, शहरात जाफर गेटजवळ कमानीचं दुकान. जवळच्या गॅरेजात मोडका पाटा तात्पुरता बदलून घेतला, हौदा रिकामा केला, आणि विशाखा गाडी हळूहळू शहरात घेऊन गेली.

गयास मिस्त्री साठीचा, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्याचं दुकान बापानं टाकलेलं. गाडीखाली डोकं घालून त्यानं बघितलं आणि कपडे झटकत उभा राहिला.

"पाटा डालना आसान है, बाई. पण मी नाय डालणार."

"का?"

"वजन सांगा. किती भरता?"

"माहीत नाय. यंत्र आहे, जनरेटर आहे, मिरची असती."

"तर आधी माहीत करा. सगळं भरा, जसं रोज भरता तसं. काट्यावर न्या. पुढची चाकं अलग तोला, मागची अलग. मग या."

विशाखाला राग आला. एवढ्या लांब येऊन माणूस परत पाठवतो. पण दोन दिवसांनी तिनं यंत्र पुन्हा चढवलं आणि बैलगाडीच्या चालीनं वजनकाट्यावर नेलं. काट्यावरचा माणूस आकडा बघून म्हणाला, "ताई, पुढची चाकं नुसती नावाला टेकवता का?"

जवळजवळ सगळा भार मागच्या चाकांवर होता, आणि एकूण भार गाडीच्या कागदावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त.

गयासनं पावती बघितली, मान हलवली. मग त्यानं विशाखाला स्टुलावर बसवलं आणि शांतपणं सांगितलं. कमान तो नवी बांधून देईल. तिच्यावर एक मदतीची छोटी कमानही बसवेल. रिकाम्या गाडीत ती नुसती बसून राहील, ओझं आलं की मोठी कमान दबेल आणि छोटी तिला हात देईल. त्यामुळं गाडी रिकामी असताना उडणार नाही आणि भरल्यावर बसणार नाही.

"पण एक बात," तो म्हणाला. "कमान मजबूत झाली म्हणून ब्रेक मजबूत होत नाय. टायर होत नाय. कागदावर जे वजन आहे त्याच्यावर एक गोणी पण नक्को. कबूल असेल तर खोलतो."

"म्हणजे काहीतरी उतरवावं लागेल."

"हौ."

काय उतरवायचं हे विशाखाला तिथंच कळलं होतं. दुसरं उखळ. ते गोजरबाईनं उमेदीच्या काळात, धंदा वाढल्यावर घेतलं होतं. घरी येऊन विशाखानं तिला सांगितलं. गोजरबाई अंगणात सुपारी कातरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एका उखळावर मी पोरं मोठी केली," ती म्हणाली. "दुसरं हौसेनं घेतलं. हौस घरी राहू दे. काम घेऊन जा."

गाडी दुकानात उभी राहिली तेव्हा विशाखा रोज सकाळी फुलंब्रीहून बसनं यायची. गयासला ते आवडलं नाही. "बाई, काम होईल, घरी बसा." ती म्हणाली, "बघू द्या. रस्त्यात मोडली तर मला कळायला पाहिजे." मग तो प्रत्येक सुटा भाग तिच्या हातात द्यायला लागला. झिजलेले रबरी बुश, कमानीचं टोक गाडीला धरून ठेवणारे पण वाकलेले शॅकल, तेल गळणारे शॉकअप. सगळे बदलायचे ठरले. कमान एक्सलला घट्ट बांधणारे यू-बोल्टही नवे, जास्त लांबीचे.

कमान उतरल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. चेसीला, कमान जिथं टेकते तिथं, केसासारखी चीर गेली होती. गयास बोट फिरवत राहिला.

"ये ओझ्यानं नाय झालं. रोज कोणी हातोडा मारल्यासारखं आहे."

"कांडप आहे ना," विशाखा म्हणाली.

"कांडप म्हणजे गिरणी ना? गोल फिरणारी?"

विशाखाला हसू आलं. माणूस इतके दिवस गिरणी समजून चालला होता. चीर वेल्डिंगनं भरून वर पट्टी मारून झाली, नवी कमान चढली, तेव्हा तिनं यंत्र आणवलं, हौद्यात बसवलं आणि जनरेटर चालू केला. मूठभर मिरची टाकली. मुसळं धाडधाड आदळायला लागली आणि अख्खी पिकअप नव्या कमानीवर झुलायला लागली. मिरचीचा खकाणा उठला. शेजारच्या दुकानातली माणसं खोकत रस्त्यावर आली. गयास तोंडाला रुमाल लावून, डोळ्यांतून पाणी गाळत गाडीखाली वाकून बघत राहिला.

"बंद करा," तो शेवटी म्हणाला. "चालताना कमान काम करते. उभी असताना तिला हा मार कायकू?"

"मग उभी असताना कमानीवर ठेवायचीच नाय," विशाखा म्हणाली. ती स्वतःशीच बोलत होती. "लग्नाच्या मांडवात स्टेज असतं ना, त्याला खाली पाय असतात. गाव आलं की पाय लावायचे. गाडी पायांवर."

गयासनं तिच्याकडं बघितलं, मग रस्त्यापलीकडच्या वेल्डरला हाक मारली. आटे पाडलेल्या जाड नळ्यांचे चार पाय तयार झाले. चेसीखाली लावायचे, फिरवून उंच करायचे. यंत्राचा मार सरळ जमिनीत. दोघांनी मिळून यंत्राची जागाही बदलली. उखळ मागच्या चाकांच्या पुढं घेतलं, जनरेटर केबिनला चिकटवला. आता मागून मिरची ओतता येईना, म्हणून हौद्याचा बाजूचा पत्रा कापून त्याला बिजागऱ्या लावल्या.

गाडी पुन्हा काट्यावर गेली. भार पुढं-मागं नीट वाटला गेला होता आणि मर्यादेच्या आत होता. गयासनं निघताना बजावलं, "आठ-दहा दिवस चालवा अन् वापस या. यू-बोल्ट एकदा आवळावेच लागतात. नवी कमान बसते, मग ढिले होतात."

त्या दिवशी राजेंद्रनं रजा घेतली होती. चौक्याच्या घाटात तोच शेजारी बसला. जिथं पाटा तुटला होता ते वळण आलं तेव्हा त्यानं वरचा दांडा धरला. विशाखानं गियर खाली घेतला. गाडी जराशी दबली, मदतीच्या कमानीनं ओझं घेतल्याचा हलका टक असा आवाज आला, आणि मागचं अंग सरळ राहिलं. वळण गेलं. राजेंद्रनं दांडा सोडला.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"चालव तू," तो म्हणाला. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाला, "उद्या कुठंय?"

हंगाम अर्धा उरला होता. एकच उखळ असल्यानं काम हळू व्हायचं. बाया ताटकळायच्या, कुरकुरायच्या. काही जणी दुसरीकडं गेल्या. विशाखानं सकाळी तासभर आधी निघायला सुरुवात केली, आणि जिथं आधी एका दिवसात दोन गावं व्हायची तिथं एकच घ्यायला लागली. कमाई पहिल्या वर्षाएवढी झाली नाही. पण गाडी एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही, आणि सांगितलेल्या वेळेत परत आवळून घेतलेले यू-बोल्टही ढिले झाले नाहीत. गयासची बायको फहमिदा हिनं घरची मिरची आणि गरम मसाला दुकानात पाठवून दिला होता. विशाखानं ते कांडून, वास डब्याबाहेर येईल असं ताजं पोचवलं.

मेच्या सुरुवातीला ती सिल्लोडच्या पुढं गेली. गाडी दुरुस्त व्हायच्या आधी तिकडं जायची तिची हिंमत नव्हती. तो मिरचीचा मुलूख. घराघरांच्या गच्चीवर लाल वाळवण पसरलेलं. एका गावात मारुतीच्या पाराजवळ तिनं गाडी लावली. आठवड्याची सुट्टी असल्यानं राजेंद्र सोबत होता. तो न सांगताच खाली उतरला, चार पाय काढले आणि चेसीखाली बसवायला लागला. गोजरबाई पुढच्या सीटवरून सूचना देत होती.

बाया जमल्या. एकीनं विचारलं, "हे पाय कशाला लावू राहिले?"

"गाडीला आराम," विशाखा म्हणाली. "मसाला भाजून आणला का तसाच? तसाच असेल तर भाजून आण, तवर तुझा नंबर धरून ठेवते."

ती बाई घराकडं वळली. विशाखानं बाजूचा पत्रा खाली पाडला, जनरेटरची दोरी ओढली, आणि पहिली पाटी उखळात ओतली.