आधी तांदूळ वर गेले

लालबागच्या त्या चाळीत कमलाबाईंना सगळे मावशी म्हणत. मावशी म्हटलं की जास्तीचा भात हक्कानं मागता येतो. तळमजल्याला त्यांची खाणावळ, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात खाटेवर त्यांचा नवरा सीताराम. गिरणीत होता तेव्हा शीळ घालत फिरायचा. अर्धांगवायूनं एक बाजू गेल्यापासून छताकडे बघत गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकायचा. वाढता वाढता मावशी त्याच्या तोंडावरची माशी पदरानं हाकलत आणि पुन्हा पंगतीकडे वळत.

गिऱ्हाईक म्हणजे वरच्या मजल्यावरची गावकऱ्यांची खोली. कोकणातल्या एकाच गावचे गिरणी कामगार तिथं राहत. राहत म्हणजे काय, निम्मे दिवसपाळीला गेले की उरलेले निम्मे त्यांच्याच जागेवर पसरत. सुट्टीच्या दिवशी जादा माणसं फुटपाथवर पथारी टाकत. हा संसार सुरळीत चालावा म्हणून नानांनी नियम केले होते: परगावचा माणूस नको, बाईमाणूस नको. नाना खोलीचे पुढारी. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सगळ्यांत पुढे. डांगपासून बेळगावपर्यंतचा एकूण एक मराठी माणूस त्यांना आपला वाटे. सीताराम मात्र खाडीपलीकडच्या गावचा होता.

त्या साली दिवाळीनंतर समुद्रात वादळ उठलं. ते भलतीकडेच किनाऱ्याला लागलं म्हणे, पाऊस मात्र लालबागवर ओतून गेलं. गिरण्यांत पाणी शिरलं, भोंगे गप्प झाले, फुटपाथ बुडाले, आणि दोन्ही पाळ्या एकदम खोलीवर आल्या. माणसं ट्रंकांवर बसली, खिडकीत बसली, आणि आपल्याच जागेवर झोपणाऱ्याचं तोंड प्रथमच नीट बघू लागली.

खाली मावशींच्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं. त्यांनी खाटेच्या पायांखाली विटा सरकवल्या. तेवढ्यात नाना डोकावले.

"मावशी, घाबरू नका. आम्ही आहोत."

पाचसहा जण उतरले. तांदळाची पोती वर गेली, पातेली गेली, शेगडी, कोळसे, सुके बोंबील गेले. रघुवीर नावाच्या दांडग्या गड्यानं तर लोणच्याची बरणी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून नेली.

"आणि यांना?"

"नेऊ की. जागा बघतो," नाना म्हणाले आणि जागा बघायला वर गेले.

खाटेच्या सुंभाला पाणी लागलं तेव्हा मावशी जिना चढल्या. तांदूळ आत कोरड्यात रचले होते. शेगडी बाहेर गॅलरीत. त्या उंबऱ्याशी थांबल्या. आत चर्चा चालू होती.

"त्याची पाळी कुठली पण?" कुणीतरी विचारलं.

"कायमची रातपाळी," रघुवीर म्हणाला. खोली हसली.

"मस्करी पुरे," नाना म्हणाले. "मावशी, माणूस तुमचा सोन्यासारखा. पण आज एकाला घेतला तर उद्या कुणाकुणाला नाही म्हणायचं? पाणी ओसरेल. तोवर तुम्ही भात लावा, पोरं उपाशी आहेत."

मावशी कोळशाची टोपली मांडीवर घेऊन गॅलरीत बसल्या.

"काय गे मावशी, पेटवतंस ना?" म्हाताऱ्या रामजीनं विचारलं.

"माणूस वर येऊ दे. मग पेटवते."

"ही अडवणूक झाली," नाना म्हणाले.

"हो. झाली."

कोळसे हिसकावता आले असते. पण एवढ्या माणसांचा भात त्यांच्यापैकी कुणाला येत होता? अखेर पोटानं निकाल दिला. चौघं मांडीएवढ्या पाण्यात उतरले आणि सीतारामला घेऊन आले. तोवर त्याची पाठ भिजून गार पडली होती. त्यांनी त्याला गॅलरीत ठेवलं. आत नियम होता.

पावसाचे सपकारे येत होते. मावशींनी एका हातानं गोणपाट आडवं धरलं, दुसऱ्यानं भात ढवळला. सुकं कांबळं मागितलं तर आतून उत्तर आलं, "दोन्ही पाळ्या घरात आहेत मावशी, आम्हालाच कांबळी पुरत नाहीत." मग सगळे पोटभर जेवले. मावशींच्या हाताला चव आहे, असं नानांनी ढेकर देऊन सांगितलं.

पाणी उतरलं. सीतारामच्या छातीतली घरघर उतरली नाही. आठवडाभरात तो गेला. गिरण्या अजून बंदच होत्या, त्यामुळे खांदा द्यायला रांग लागली. तिरडी उचलण्याआधी नाना चौकात मोठ्यानं बोलले, "सीताराम परका नव्हता. आपल्यातलाच होता."

"मग आजची रात्र ठेवा की यांना वर खोलीत," दारातून मावशी म्हणाल्या.

नानांनी तिरडीला हात घातला.

स्मशानातून येऊन, आंघोळ करून रघुवीर खाली आला. दाराशी घुटमळला, ओलं डोकं खाजवलं.

"मावशी, सुतक आहे, कळतं आम्हाला. पण पोरं विचारतायत, जेवणाचं कसं?"

मावशींची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर होती. सुंभ अजून वाळला नव्हता.

"तांदूळ वरच आहेत तुमच्या," त्या म्हणाल्या. "ते तर तुम्ही आधीच नेलेत."

आणि त्यांनी दार लोटून घेतलं.