गल्लीतली निळी रेघ

तिला सगळे ‘रेघवाली’ म्हणायचे आणि ती हातात ब्रश घेऊन येताना दिसली, की पटापट दारं लावून घ्यायचे. लावोत बापडे. नगरपालिकेनं तिला दिलेलं कामच असं होतं, की कुणाच्या तोंडून चांगला शब्द निघणं कठीण.

नियम तसा शहाणा होता. मोठ्या भरतीत वादळ आलं, तर समुद्र बांध ओलांडून कुठवर चढेल याचा अंदाज काढायचा, प्रत्येक घराच्या भिंतीवर तेवढ्या उंचीची निळी रेघ मारायची, आणि त्या रेघेखाली कुणी झोपायचं नाही. स्वयंपाक करा, दुकान थाटा, पत्ते कुटा, अंथरूण मात्र रेघेच्या वर. पण पहिल्या खेपेला ठेकेदाराच्या माणसांनी बांधालगतच्या या गल्लीत प्रत्येक उंबरठ्यापासून गुडघाभर उंची मोजली आणि घरोघरी अगदी सारखी रेघ ओढली. भेदभाव नको म्हणून! गल्ली खूश. गल्लीला समुद्राकडे चांगला उतार आहे आणि पाण्याला तो नसतो, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही.

ते निस्तरायला रेघवाली आली. तिच्याजवळ पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी होती. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं. त्यावरून वरच्या घरातली रेघ खालच्या घरात नेत नेत ती उतरत होती. वरच्या टोकाच्या शिंप्याकडे रेघ घोट्याशी आली, मधल्या न्हाव्याकडे कमरेशी.

“त्याला घोटा आणि मला कंबर?” न्हावी भडकला. “काय पाजलं हो त्यानं तुम्हाला?”

“पाणी,” ती म्हणाली आणि पुढे सरकली. गल्लीतलं शेवटचं घर तिच्या सख्ख्या ताईचं होतं.

भाऊजींचं कमरेखालचं अंग दोन्ही पायांसकट लुळं पडलं होतं. ताईनं त्यांच्यासाठी खालच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून, जुन्या रेघेच्या वर येईल असा पक्का ओटा बांधून घेतला होता. नियमही पाळला गेला आणि नवऱ्याला माणसंही मिळाली. जाणारा येणारा खिडकीशी थांबे, चार गप्पा मारी, भाऊजींच्या कोट्यांवर हसून पुढे जाई. जिना उभा आणि अरुंद होता. एकदा वर गेले, की ते पुन्हा खाली येणार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नळीतलं पाणी हललं, डुचमळलं, स्थिर झालं. ओटा कुठल्या कुठे खाली राहिला. पाणी ताईच्या खांद्याला आलं होतं.

“जुनी आहे तिथंच मार,” ताई म्हणाली.

“ताई, अगं…”

“शेंबूड पुसलाय मी तुझा, मला शिकवू नकोस. एक खिडकी उरलीय त्यांना. वर नेऊन कोंडू? कोंडायचं असेल तर तूच सांग त्यांना!” असं म्हणून ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली.

रेघवाली ब्रश धरून उभी राहिली. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिचा हात खाली गेलाच. एका घरानं असा काय फरक पडणार होता? आणि ताईला दुखवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“मेव्हणीबाई,” ओट्यावरून भाऊजी म्हणाले, “खरं पाणी कुठवर येईल हो?”

तिनं भिंतीवर तळहात टेकला. भाऊजींनी मान वर करून तो पाहिला.

“मग मारा तिथंच.”

“पण तुमची खिडकी, भाऊजी?”

“खिडकी गेली चुलीत. पाणी शिरलं तर मला काही पळता येणार नाही. माझं एक वेळ ठीक आहे. पण तुमची ताई मला टाकून जिना चढेल का?”

आतली भांडी थांबली होती. ताई दारात येऊन उभी होती, हात ओले, डोळे लाल.

“नाहीच चढणार मी,” ती म्हणाली.

“म्हणून तर,” भाऊजी म्हणाले.

रेघवालीनं रेघ ओढली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण रेघ सरळ आली. ताईनं पदरानं तोंड पुसलं, जाऊन आधी वरची खोली झाडली, मग गल्लीत उभी राहून शिंप्याला, न्हाव्याला, दिसेल त्याला हाका मारल्या. चौघांनी भाऊजींना खुर्चीत बसवून उचललं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडली, तेव्हा भाऊजींनी मान वळवून एकदा खिडकीकडे पाहिलं. खालून ताई ओरडत होती, “डोकं सांभाळा रे, त्यांचं डोकं सांभाळा!”