खलास हसन

माझ्या नवऱ्याला मी एका शब्दात मारलं. दुसरा शब्द परवडत नव्हता म्हणून.

(हे अजून आहेत. बाहेर ओटीवर बसून चहा पितायत. आधीच सांगून ठेवते, कारण ही गोष्ट ऐकताना अर्ध्या बायका पदर डोळ्यांना लावतात आणि शेवट कळला की मलाच शिव्या घालतात.)

ही साठीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही दुबईत, देऱ्यात राहायचो. आता तिथे काय काय उभं राहिलंय म्हणतात! आमच्या वेळेला वाळू होती, खजुराच्या झावळ्यांची घरं होती आणि गाढवावर डबे लादून पाणी विकणारा एक म्हातारा होता. हे खाडीवर एका अरब कापडव्यापाऱ्याकडे कारकून होते. दुबईत तेव्हा रुपयेच चालायचे, पण वेगळ्या छापाचे. गावात ते चालत नसत. हाताला मात्र ते रुपयांसारखेच वाटायचे, त्यामुळे सोडवत नसत.

रत्नागिरीकडे खाडीकाठच्या गावात आमचं चिऱ्याचं घर. बांधतानाच ते बाजारपेठेतल्या शेठकडे गहाण पडलं होतं. मुदत दहा वर्षांची होती, आरामात फिटलं असतं. पण माझ्या सासूने, म्हणजे मायने, आम्ही बोटीत चढताना यांचा हात धरला आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "हसन, गहाण घरातून माझा जनाजा उचललात तर मी उठून बसेन! सांगून ठेवते!"

मायला ओळखणाऱ्या कुणालाही ही धमकी वाटली नसती. ती खरंच उठून बसली असती. मग आम्ही ठरवलं, दहा वर्षांचं पाच वर्षांत फेडायचं.

आता पाच वर्षांत फेडायचं म्हणजे काय, ते माझ्याकडून शिकावं. चहाची पूड मी वाळवून तीनदा वापरायची. तिसऱ्या चहाला आम्ही नुसतं ‘गरम’ म्हणायचो. चूल पेटवायला काडी ओढायची नाही, शेजारच्या जुलेखाआपाकडून निखारा आणायचा. हे कामावरून आले की पहिल्यांदा पँट उतरवायचे, कारण बसून बसून ती मागे झिजते. पाहुणा आला तर तेवढ्यापुरती परत चढवायचे, आणि पाहुणा लवकर उठावा म्हणून मी त्याला गरम द्यायची.

यांच्या तोंडी दिवसभर एक शब्द असायचा. खलास. गाठोडी मोजून झाली? खलास. जेवलात? खलास. पहिल्या महिन्यात मी कानांवर हात ठेवले. "अहो, घरात असलं अभद्र काय बोलता?"

"अगो, इकडे खलास म्हणजे झालं, पुरं झालं. आमचा अरबाब, म्हणजे मालक, तर नमाज पढून उठला तरी खलास म्हणतो."

सहा महिन्यांत मीही भात उतरवून खलास म्हणायला लागले. गावात ‘अमका खलास झाला’ असं कधी म्हणतात, हे मी साफ विसरून गेले. इथेच माती खाल्ली.

पाचवं वर्ष संपत आलं आणि शेवटचा हप्ता शेठकडे रवाना झाला. घर सुटलं! मी रडले, हे रडले, आणि रडता रडता हे म्हणाले, "मायला तार करू या!" तार? माझे डोळे तिथेच सुकले. पण मायचं वय झालं होतं, पत्र पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे. म्हटलं, ठीक आहे, पण मी सोबत येणार. (यांच्या हातात पेन आणि समोर कोरा कागद म्हणजे घरावर दुसरं कर्ज!)

तारघरात यांनी लिहिलं, "अल्लाच्या मेहेरबानीने शेवटचा हप्ता दिला, घर सुटलं, आम्ही मजेत आहोत, मायला सलाम, हसन." मी कागद ओढून घेतला.

"अल्लाची मेहेरबानी काढा. ती मायला माहीत आहे."

"बरं."

"सलाम काढा. पत्रात घाला, तिथे फुकट असतो."

"आणि ‘मजेत आहोत’?"

"मजेत नसतो तर सांगितलं असतं ना? काढा!"

"मग उरलं काय?"

"एकच शब्द घाला. खलास. इतकी वर्षं दुसरं कसलं बोलणं आहे आपलं? बरोबर समजतील."

"आणि माझं नाव?"

"दुबईतून त्यांना दुसरं कोण तार करतंय? काढा!"

इथे मात्र हे अडून बसले. "बिननावाची तार? मी काय चोर आहे? घर मी सोडवलंय!" शेवटी एवढी चैन मी मंजूर केली. पत्त्यात थोरले दीर इस्माईलभाई, गाव आणि रत्नागिरी. मजकुरात ‘खलास’. खाली ‘हसन’.

खिडकीतले कारकून गोव्याचे होते. त्यांनी कागद वाचला, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "बस? इतनाच?" म्हणाले आणि आणखी काही सांगायला तोंड उघडलं.

"बस! यल्ला, पाठवा!" मी म्हणाले. हा माणूस आता शब्द वाढवायला सांगणार, हे मी लगेच ओळखलं होतं. वाचलेल्या पैशांत आम्ही अर्धी सुरमई घेतली आणि घरी आलो.

चार-पाच दिवसांनी दारात तारवाला. पाकिटावर नाव माझं! आत लिहिलेलं, "सबर कर. भाई येतो."

सबर कर हे आमच्यात कधी सांगतात? घरातलं माणूस गेल्यावर! हे मटकन खाली बसले (पँटीसकट), आणि म्हणाले, "माय गेली."

"मायच कशावरून?"

"दुसरं कोण? म्हातारी तीच. मरियम, आपली तार तिला ऐकू गेली असेल का गो? का गहाण घरातच समजून गेली ती?" आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

तेवढ्यात मला भलतंच सुचलं. "अहो, माय गेली असती तर तार तुमच्या नावावर आली असती. माझ्या नावावर का? माझे अब्बा गेले! त्यांना दमा आहे!"

"तुझ्या अब्बांसाठी माझा भाऊ कशाला येईल बोटीने?"

"म्हणजे माझ्या अब्बांसाठी कुणी यायचं नाही?"

झालं! दोघं दोन माणसांसाठी रडत होतो आणि मधेमधे भांडत होतो. आवाज ऐकून जुलेखाआपा धावत आली, तिच्या मागे गल्लीतल्या बायका. आपाने मला मिठीत घेतलं. "कोण गेलं गो?"

"कळलेलं नाही."

"मग दुवा कुणाच्या नावाने मागायची?"

"नाव अजून ठरायचंय," मी म्हणाले आणि हंबरडा फोडला. बायका घाबरून एकमेकींकडे बघायला लागल्या. मला त्या हंबरड्यातही दिसत होतं की अकरा जणी आहेत आणि दुःखाच्या घरात गरम देता येत नाही. खराखुरा चहा करावा लागला, साखर घालून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तारघर. विचारायला तर हवंच होतं. तार माझ्या नावावर आली होती, तेव्हा उत्तरही माझ्या नावाने. आणि मजकूर? जीव टांगणीला लागला होता, डोळे सुजले होते, तरी हात आपोआप काटछाट करत होता. मी लिहिलं, ‘कोण’. खाली, ‘मरियम’. कारकुनांनी परत तोंड उघडलं. "आज नको हो, माझ्या घरात कुणीतरी मेलंय!" मी ओरडले. त्यांनी मुकाट्याने शिक्का मारला.

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. तार नाही म्हणजे सांगवत नाही इतकं वाईट! हे रात्रंदिवस एकच धरून बसले, "मायने वचन मागितलं आणि मी उशीर केला." मी एकदा अब्बांसाठी रडायची, एकदा मायसाठी, एकदा दोघांसाठी. गाढवाच्या खुरांचा आवाज आला तरी वाटायचं तारवाला आला. मी देवाला म्हणाले, या दोघांतलं एकही माणूस परत दे, मी चहा एकदाच वापरेन. भीतीपोटी माणूस काय काय कबूल करतो!

शेवटी मुंबईची आगबोट आली. बोट दूर समुद्रात थांबायची आणि माणसं होड्यांमधून खाडीत यायची. आम्ही धक्क्यावर उभे. पहिल्या होडीत इस्माईलभाई दिसले. आणि त्यांच्या पुढे पांढऱ्या शुभ्र कपड्यात, हातात छत्री घेऊन, बसली होती माय!

"मरियम," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला माय दिसतेय."

"मलाही."

"उठून बसली गो! बोलली होती तसंच केलं!" यांनी माझ्या मागे दडायचा प्रयत्न केला.

तिकडे मायने मान वर केली, यांना पाहिलं आणि किंचाळली, "लाहौल! इस्माईल, हसन उभा आहे!" इस्माईलभाईंनी मागे पाऊल टाकलं. मागे होडी नव्हती. भाई धपकन खाडीत! पण त्यांच्याकडे बघायला वेळ कुणाला? माय छत्री रोखून ओरडत होती, "पाय दाखव! सरळ आहेत का उलटे, बघू दे!"

"आधी तू दाखव!" हे माझ्या खांद्यावरून म्हणाले.

शेवटी साऱ्या देऱ्यादेखत माय-लेकांनी चपला काढून एकमेकांना पाय दाखवले. सरळ निघाले. मग मायने होडीतून उतरून पहिल्यांदा यांच्या पाठीत छत्री घातली. "मेल्या, तू मेला नाहीस?" आणि यांना घट्ट धरून अशी रडली, की होडीवालाही डोळे पुसायला लागला.

मग ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी मऊ. "पोरी, तुझं नाव काय?"

"मरियम."

"आठवतंय हिला! शुक्र आहे!" तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला काहीच कळेना. भाईंना बाहेर काढलं, पुसलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. गावात पोस्टमास्तरांनी मोठ्याने वाचलं, ‘खलास हसन’. अंगणात रडारड झाली. शेठ स्वतः घराचे कागद घेऊन आला, म्हणाला, पोरगा इमानी, शेवटचा हप्ता टाकला आणि मगच डोळे मिटले. पाठोपाठ दुसरी तार, ‘कोण मरियम’. सगळे म्हणाले, धक्क्याने पोरीला स्वतःचं नाव आठवेनासं झालं, आता भाईने एकट्याने जाऊन भागायचं नाही.

"पण माय, घर सुटलं ना!" हे उड्या मारत म्हणाले. "तेच कळवलं होतं आम्ही! कागद तुझ्या हातात आले ना?"

भाई खाडीकडे बघत राहिले.

"आले होते," माय म्हणाली. "तिथल्या तिथे परत दिले शेठला. दोघांचं तिकीट, मुंबईचा एजंट, पासपोर्ट, कुठून आणायचं? तू गेलास तर मला घर काय चाटायचंय? तुझी कबर बघायची होती मला." आणि पुन्हा रडायला लागली. मी तर पायाखालच्या वाळूत शिरायला जागा शोधत होते.

यांच्या चाळिसाव्याला गावजेवण ठरलं होतं, बोकडसुद्धा सांगून ठेवले होते. ते थांबवायला त्याच दुपारी आम्ही सगळे तारघरात. मी सवयीने कागद पुढे ओढला. या वेळी कारकुनांनी खिडकीतून हात बाहेर काढून तो धरून ठेवला.

"बाई, आज तरी ऐका! पत्ता धरून सात शब्दांचे पैसे घ्यावेच लागतात. तुम्ही दोन्ही वेळेला पाचच शब्द लिहिलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन शब्द फुकट होते. सांगत होतो, तर तुम्ही यल्ला म्हणालात."

मायने छत्री टेकून माझ्याकडे पाहिलं. "दोन शब्दांत काय काय बसतं गो, मरियम?"

‘घर सुटलं’ बसत होतं. ‘मजेत आहोत’ बसत होतं. आख्खा नवरा जिवंत बसत होता!

घर दुसऱ्यांदा सोडवायला आणखी तीन वर्षं गेली. माय गावी परतली आणि हट्टाने तोवर टिकली. घर सुटलं त्या दिवशी तारघरात मी एकटी गेले आणि जन्मात पहिल्यांदा सढळ हाताने लिहिलं. इस्माईल, गाव, रत्नागिरी, घर सुटलं, हसन जिवंत. पूर्ण सात शब्द! कारकुनांनी हात जोडले आणि विचारलं, "बाई, सही?"

सही घातली नाही. आठव्या शब्दाचे पैसे पडले असते!