त्यांची अर्धशिशी, माझं ढोंग

"हिला उन्हात उभी करा. ऊन लागलं की ढोंग आपोआप उतरतं."

बाईसाहेब हे हळूच बोलल्या. त्या कधी ओरडत नसत. चैत्रातलं हळदीकुंकू होतं. भोरातल्या मोठमोठ्या घरच्या बायका माजघरात बसल्या होत्या आणि मी कैरीच्या पन्ह्याचे पेले घेऊन त्यांच्यातून फिरत होते. अत्तराचा वास, मोगऱ्याचा वास, मागच्या चुलीवरच्या फोडणीचा वास. पोटात सकाळपासून काही नव्हतं. पाहुण्यांचं झाल्याशिवाय आम्हाला मिळत नसे. एका बाईंपुढे वाकले आणि त्यांचा अर्धा चेहरा नाहीसा झाला. नाक होतं, एक डोळा होता. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. तिथं नुसती उजेडाची करवत थरथरत होती.

मला कळलं. आलं.

तरी मी फिरत राहिले. कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घातली. थोड्या वेळानं बोटांना मुंग्या आल्या आणि पेला सुटला. "काय झालं गं?" बाईसाहेबांनी विचारलं. सांगायला गेले तर जीभ वळेना. म्हणायचं होतं एक, तोंडातून आलं भलतंच. बायका हसल्या. मी फडकं आणून फरशी पुसायला बसले. पुसता पुसता डाव्या डोळ्यामागं ठोका सुरू झाला. घण पडावा तसा. आणि जाजमाच्या कडेला मी ओकले.

मग अंगण. तापलेले दगड. अनवाणी पाय. डोळे मिटले की ओसरीवरून कुणीतरी म्हणायचं, "उघड डोळे." उघडले की ऊन सुयांसारखं आत शिरायचं. पाहुण्या निघाल्या तेव्हा लुगड्याचे घोळ वर धरून माझ्या बाजूनं गेल्या. एकजण दुसरीला म्हणाली, "डोक्यात किडा आहे हिच्या."

त्या एका वाक्यानं मला भर उन्हात कापरं भरलं. त्यांना ती म्हणायची रीत होती. माझ्यासाठी तो खरा किडा होता.

आम्ही धनगर. वेल्ह्याच्या वर डोंगरात आमची वाडी. चार घरं, थोडी मेंढरं, थोड्या शेळ्या. मेंढराच्या डोक्यात खरंच किडा होतो. मेंढरू मान एका अंगाला कलतं करतं, चारा सोडतं आणि एकाच जागी गोल गोल फिरत राहतं. दगड दिसत नाही, कडा दिसत नाही. मग बा त्याला कापायचा. एकदा त्यानं टाळू फोडून आम्हाला दाखवली. आत पाण्यानं भरलेला फुगा होता आणि त्यात कण्यांसारखे पांढरे ठिपके. मी लहान होते. बरेच दिवस मला जेवण गेलं नाही.

पुढं मला न्हाण आलं त्याच सुमाराला, मेंढरं चारायला नेली असताना, माझ्या डोळ्यांपुढचा अर्धा कळप नाहीसा झाला. उजेडाची नागमोडी रेघ हलत होती. मी ओरडले नाही. उठले आणि समोरच्या झाडाकडं सरळ चालत गेले. गोल फिरतेय का, ते बघायला. सरळ गेले. तरी विश्वास बसेना, म्हणून परत आले, परत गेले. मग डोकं उठलं आणि मी झाडाखाली पडले. मरणाची वाट बघत पडले होते. संध्याकाळी उठले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण जिवंत होते.

घरी सांगितलं नाही. आत्यामुळं.

आत्या म्हणजे बाची धाकटी बहीण. तिलाही हे व्हायचं. अर्धं डोकं, ओकारी, उजेड सोसायचा नाही. सासरच्यांनी तिला झाडाचं भूत लागलंय म्हणून माहेरी आणून घातलं. आमच्या वाडीवर माणसाला, जनावराला डाग द्यायचं काम बाचं. त्यानं सळई तापवून तिच्या दोन्ही कानशिलांवर डाग दिले. उजवीकडचा खोल गेला. कातडं ओढलं गेलं आणि त्या डोळ्याची पापणी पुन्हा पुरती मिटली नाही. आत्या झोपली तरी तो डोळा अर्धा उघडा असायचा. डोकं दुखायचं थांबलं नाही. उठलं की ती घोंगडं पांघरून कोपऱ्यात बसायची.

मी तो डोळा बघत वाढले. सांगितलं की सळई तापणार, एवढं मला ठाऊक होतं.

म्हणून भोरात कामाला ठेवलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. संस्थानात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या साहेबांचं घर. पाणी भरायचं, भांडी, धुणं, दळण, शेणगोठा. भल्या पहाटे जातं, आणि सगळ्यांची निजानीज झाल्यावर अंग टाकायचं. डोकं तिथं वाडीवरच्यापेक्षा जास्त उठायला लागलं. का ते कळत नव्हतं. वाटायचं, किडा वाढतोय.

आणि त्याच घरात बाईसाहेबांचं डोकं उठायचं.

त्या दिवशी घराचं रूप बदलायचं. खिडक्यांना जाड पडदे. पोपटाच्या पिंजऱ्यावर कापड. पाटा-वरवंटा बंद, जातं बंद, साहेब स्वतः चपला हातात घेऊन चालायचे. मी त्यांच्या उशाशी बसून डोकं चेपायची. बोटाखाली त्यांच्या कानशिलातली शीर उडताना लागायची. त्या कण्हत म्हणायच्या, "अगं, घण घालतंय कुणीतरी." मला घणच वाटायचा. तरी माझ्या मनात आलं नाही की हे एकच असेल. मोठ्यांचं दुखणं मोठं, आपलं आपलं. मला असंच शिकवलेलं होतं. कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते हवेतच होतं.

उन्हातल्या त्या दिवसानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याहून डॉक्टर आले. बाईसाहेबांचं दुखणं वाढलं होतं. साहेबांनी मोटार पाठवून त्यांना आणवलं. मी ओकारीचं तस्त धरून पलंगाशी उभी.

डॉक्टरांनी विचारलं, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही येतं?"

"उजेडाची रेघ. करवतीसारखी."

तस्त घेऊन मी पलंगाच्या आणखी जवळ सरकले.

"हाताला मुंग्या? शब्द अडखळतो?"

"हो."

"एकाच बाजूला दुखतं? ठोके पडतात? उजेड, आवाज, वास सोसत नाही?"

हो. हो. हो. त्या तोंडानं म्हणत होत्या, मी मनात. उपाशी राहिल्यावर येतं का? हो. महिन्याच्या अडचणीच्या सुमाराला? बाईसाहेबांनी नजर खाली करून मान हलवली. माझीही मान हलली. माहेरी कुणाला होतं? "आईला होतं," त्या म्हणाल्या. मला आत्याचा उघडा डोळा दिसला. आता हे डॉक्टर काय म्हणतात त्यावर माझाही निकाल लागणार होता, आणि तिथं ते कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "ही अर्धशिशी. पुष्कळदा घराण्यातून येते. डोक्यात काही वाढलेलं नाही. ती करवत दिसते म्हणून डोळे जात नाहीत. बाहेरची बाधा तर नव्हेच. मुळात का होते, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. पण कशानं उठते ते कळतं. उपास, जागरण, कडक ऊन, उग्र वास, मनाला लागलेलं काहीतरी. वेळेवर जेवा, पुरेशी झोप घ्या. डोकं उठलं की अंधारात स्वस्थ पडून राहा."

उपास. जागरण. ऊन. वास. हा तर त्या घरातला माझा रोजचा दिवस होता.

मी बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलंच. "डॉक्टरसाहेब, मलाबी असंच हुतं. उजेड दिसतो, मग अर्दं डोस्कं. माज्या डोक्यात किडा न्हाई ना?"

बाईसाहेब उशीवरून उठून बसल्या. "तुला अर्धशिशी? अर्धशिशी नाजूक माणसांना होते. तुम्ही दगडाची माणसं."

डॉक्टर बॅग बंद करत होते. "होऊ शकते," ते म्हणाले. "डोकं सगळ्यांनाच असतं." आणि ते साहेबांबरोबर चहाला गेले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. बाईसाहेबांना पुड्या दिल्या, मला एकही नाही. पण माझं काम झालं होतं. किडा नव्हता.

डॉक्टरांची मोटार गेल्यावर बाईसाहेबांनी मला बोलावलं. "पुन्हा माझ्या दुखण्यात तुझं दुखणं कालवू नकोस," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी वेल्ह्याकडं जाणाऱ्या एकाबरोबर बाला निरोप गेला. पोरीचं डोकं फिरलंय, काय उपाय करायचा तो येऊन करा.

बाजाराच्या दिवशी बा आला. घोंगड्यात गुंडाळून सळई घेऊन आला.

मागच्या गोठ्यात त्यानं गोवऱ्या पेटवल्या. बाईसाहेब मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "इथंच करा," म्हणाल्या. "डाग दिल्याशिवाय मी हिला कामावर ठेवणार नाही."

सळई विस्तवात होती. टोक लाल व्हायला लागलं. मी खांबाला टेकून बसले होते. खरं सांगते, मला बसल्या जागी लघवी झाली. लुगडं भिजलं. डॉक्टरांचे सगळे शब्द डोक्यातून पळून गेले होते. एकच उरला होता. न्हवं. बाधा न्हवं.

बा जवळ आला. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता. "डोळं मीट," तो म्हणाला. "एका दमात हुतं."

"बा, म्या मेंढरू न्हाई."

"गप. बरी हुशील."

"आत्याला तूच दिला. झाली का ती बरी?"

तो थांबला. सळई त्याच्या हातात होती. टोक लालाचं काळं होत गेलं.

"बघता काय?" बाईसाहेब म्हणाल्या. "गड्याला बोलावू का धरायला?"

गडी दाराशीच होता. तो पुढं आला. माझ्या दंडाला त्याची बोटं लागली, आणि मी उठून उभी राहिले. धाडस म्हणून नाही. खाली बसले असते तर त्यांनी मला पाडलं असतं. भिंतीला पाठ लावून मी बाईसाहेबांकडं बघितलं. त्याआधी कधी त्यांच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

"बाईसाहेब, डाग द्यायचाच तर दोगींला द्या. दुखनं एकच हाय."

बाईसाहेबांचा हात आपोआप आपल्या कानशिलाकडं गेला. गेला तो त्यांना कळला, आणि त्यांनी तो झटकन खाली घेतला. चेहरा पांढरा पडला होता. त्या भ्याल्या होत्या. पहिल्यांदाच कुणीतरी माझं काही बोलणं ऐकून भ्यालं होतं.

"हाकला हिला," त्या म्हणाल्या.

बानं सळई शेणात खुपसली. धूर झाला. आम्ही मागच्या दारानं निघालो.

बा माझ्या बाजूचा झाला असं कुणी समजू नये. वाटेतल्या मार्गासनी गावापर्यंत तो माझ्यापुढं चालत राहिला. तिथं आल्यावर म्हणाला, "त्वांड चालीवलंस. आता कोन ठिवील तुला?" वाटेत माझं डोकं उठलं. मी पदर डोळ्यांवर ओढून बांधाच्या सावलीत पडले. तो लांब बसून राहिला. आला नाही, ओरडलाही नाही.

वाडीवर पोचल्यावर मी आत्याजवळ गेले. तिच्या कानात सांगितलं. "आत्ये, डोक्यात किडा न्हाई. झाडाचं न्हाई, कुनाचं न्हाई. त्याला अर्धशिशी म्हनत्यात. मोट्या घरच्या बायांलाबी हुती. डोळं जात न्हाईत. आंधारात पडायचं, यळंला खायचं."

आत्यानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग मला का डागलं?"

 

पावसाळा सरल्यावर मी सारोळ्याकडं सडकेची खडी फोडायच्या कामाला गेले. ऊन, धूळ, दगडावर हातोड्यांचा आवाज. माझ्या डोक्याला त्याहून वाईट काम नाही, पण दुसरं मिळालं नाही. पहिल्या दिवशी हातोडा हातात घ्यायच्या आधी मुकादमापुढं जाऊन उभी राहिले. "मुकादम, मधनंमधनं माजं डोस्कं उठतं. उठलं की म्या सावलीत पडनार. त्या दिसाचा रोज कापा. पन ढोंग म्हनायचं न्हाई."

"राणीसाहेब लागून गेलीस का?" तो म्हणाला. बाकीच्या बाया हसल्या. मी वळले आणि चालू पडले. दुसऱ्या सडकेवर गेले, तिथंही कामाला हात लावायच्या आधी तेच सांगितलं. तिथल्या मुकादमानं खूप वेळ शिव्या दिल्या आणि ठेवून घेतलं.

डोळ्यांपुढं उजेड हलला की मी अजून घाबरते. नाव माहीत झालं म्हणून भीती गेली नाही. ती असू दे. मी घाबरत घाबरत सांगेन, पण आधी सांगेन आणि उभ्यानं सांगेन. ज्याला माझे हात हवेत, त्यानं मला डोक्यासकट ठेवावं. नाहीतर ठेवू नये.